दुसऱ्या ख्रिस्तसभेकडून शिकण्याचे काम: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात अनेक गावांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकत्र प्रार्थनेला बसतात. फादर आणि पाळकसाहेब शेजारी बसतात, योहानाच्या १७ व्या अध्यायातील प्रभूची प्रार्थना वाचली जाते, शाल आणि पुष्पगुच्छ दिले जातात, चहा होतो आणि पुढच्या जानेवारीपर्यंत दोन्ही घरांची दारे पुन्हा लागतात. याच्या पुढे जाण्याची इच्छा असलेले गट बहुधा दोन ठिकाणी अडतात. काही गट पहिल्याच बैठकीत मरियेची भक्ती, पोप आणि बालकांचा बाप्तिस्मा हे विषय काढतात आणि तिसऱ्या बैठकीला कोणी येत नाही. काही गट आपल्याकडचे उत्तम ते दाखवायला जातात आणि समोरचे पाहुणे म्हणून सौजन्याने ते पाहून घेतात. दोन्ही ठिकाणी हेतू चांगला असतो, चुकतो तो कामाचा क्रम.

इंग्लंडमधील डरम विद्यापीठात कॅथलिक धर्मशास्त्राचे अभ्यासक पॉल मरे यांनी जी पद्धत मांडली आणि जिला ‘रिसेप्टिव्ह इक्युमेनिझम’ म्हणतात, तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आमच्या ख्रिस्तसभेत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जे दुखते आहे, त्यासाठी आम्ही दुसऱ्यांकडून, आपली श्रद्धा न सोडता, काय घेऊ शकतो? दुसऱ्यांनी आमच्याकडून काय शिकावे, हा प्रश्न या कामात विचारायचाच नाही. तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा आहे. पुढील टप्पे महाराष्ट्रातील एखाद्या शहरातील कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सी.एन.आय. या प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभेची स्थानिक मंडळी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. इतर ख्रिस्तसभांनाही ते थोड्या फरकाने लागू पडतील. या कामाला किमान एक वर्ष द्यावे लागते. तेवढा वेळ नसेल तर सुरुवात करू नये, कारण अर्धवट सोडलेल्या प्रयत्नानंतर पुन्हा विचारणे फार अवघड होते.

टप्पा १. माणसे, परवानगी आणि वही

प्रत्येक बाजूने सहा ते आठ माणसे पुरेशी आहेत. त्यांत धर्मगुरू किंवा पाळक एकच असावा. बाकीच्यांमध्ये स्त्रिया, तिशीच्या आतले किमान दोघे, जमाखर्च पाहणारी एक व्यक्ती आणि संडे स्कूल किंवा धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी एक व्यक्ती असावी. केवळ वादपटू आणि भाषणपटू निवडले तर गट ऐकणार नाही, बोलत राहील.

ज्यांना सहसा कोणी बोलावत नाही पण ज्यांच्याविना हे काम पांगळे राहते, अशी माणसे म्हणजे मिश्र विवाह झालेली जोडपी. कॅथलिक घरात आलेली सी.एन.आय.ची सून किंवा मंडळीत रुळलेला कॅथलिक जावई यांनी दोन्ही घरांचे रविवार पाहिलेले असतात. मुलाचा बाप्तिस्मा कोठे करायचा, यावर झालेली रात्रभराची बोलणी त्यांना ठाऊक असतात, कारण अशा विवाहाच्या परवानगीसाठी कॅथलिक जोडीदाराला मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. चर्चमधील फूट त्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत आलेली असते. माझ्या मते दोन्ही गटांत असे एक तरी माणूस हवेच, आणि त्याने काही सांगितले तर ते मध्येच तोडू नये.

परवानगी आधी घ्यावी. धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरूंची लेखी संमती घेऊन बिशपांच्या कार्यालयाला कळवावे. मंडळीत पाळकीय समितीचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. ‘आधी करून पाहू, मग सांगू’ असे म्हणणाऱ्या गटाचे काम पहिल्या तक्रारीलाच बंद पडते. कॅथलिक बाजूने कोणी हरकत घेतली तर त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, २१ नोव्हेंबर १९६४ चा ऐक्यविषयक हुकूमनामा दाखवावा. त्याच्या चौथ्या परिच्छेदात कॅथलिकांचे पहिले कर्तव्य म्हणून आपल्याच घरात काय सुधारायला हवे याचे प्रामाणिक परीक्षण सांगितले आहे. सी.एन.आय.च्या बाजूने तर एवढीच आठवण पुरे आहे, की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या परंपरा एकत्र येऊन त्यांची ख्रिस्तसभा उभी राहिली.

एक जाड वही घ्यावी आणि दोन्ही बाजूंनी एकेक लेखनिक नेमावा. व्हॉट्सॲप गटावर चर्चा करू नये. तो बैठकीची तारीख आणि वेळ कळवण्यापुरता ठेवावा.

तपासणी: दोन्ही बाजूंची संमती लेखी आहे का? गटातील निम्म्या व्यक्ती तरी अशा आहेत का, ज्यांनी या विषयावर आजवर व्यासपीठावरून भाषण केलेले नाही?

टप्पा २. शब्दांचा मेळ

हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, कारण सगळेच मराठी बोलतात. अडचण नेमकी तीच आहे. कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, मंडळीत ‘बाप्तिस्मा’ म्हणतात, आणि दोघांनाही दुसऱ्याचा शब्द थोडा परका वाटतो. ‘मंडळी’ या शब्दाने प्रॉटेस्टंटांना स्थानिक समुदायही कळतो आणि सर्व विश्वासणाऱ्यांचे एक शरीरही. कॅथलिक मात्र पहिल्यासाठी ‘धर्मग्राम’ आणि दुसऱ्यासाठी ‘ख्रिस्तसभा’ असे दोन शब्द वापरतात. ‘संत’ म्हटले की कॅथलिकांपुढे अधिकृतपणे जाहीर झालेले सत्पुरुष उभे राहतात, तर मंडळीतल्या आजीबाईंना पौलाच्या पत्रांतील ‘पवित्र जन’, म्हणजे सगळेच विश्वासणारे, आठवतात. विश्वासांगीकारात सार्वत्रिक मंडळीचा उल्लेख येतो तिथे मूळ शब्द ‘कॅथलिक’ हाच आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्वांची, सर्वत्र असलेली’ असा आहे, हे दोन्ही बाजूंच्या पुष्कळ लोकांना कोणी कधी सांगितलेलेच नसते.

पहिल्या दोन बैठका फक्त यासाठी द्याव्यात. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत, आपापला शब्द लिहावा आणि प्रत्येक शब्दापुढे ‘हा शब्द ऐकला की आमच्या मनात काय येते’ हे एका वाक्यात लिहावे. कोणता शब्द बरोबर, हे ठरवू नये. बैठकीत ज्याने त्याने आपला शब्द वापरावा. दुसऱ्याचा शब्द ओढूनताणून तोंडी घेतला तर तो खोटा वाटतो.

सावधान: ‘तुमच्यात’ आणि ‘आमच्यात’ हे शब्द टाळणे शक्य नाही, पण ‘खरे ख्रिस्ती’, ‘फक्त नावाचे ख्रिस्ती’, ‘तारण न झालेले’ आणि ‘तुटून गेलेले’ हे शब्द पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावेत.

टप्पा ३. आपली दुखणी आपल्याच घरात लिहावीत

संपूर्ण पद्धतीचा कणा हा आहे आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. या टप्प्यात दोन्ही गट वेगवेगळे बसतात. दोन महिन्यांत तीन-चार बैठका घेऊन प्रत्येक गटाने आपल्या धर्मग्रामात किंवा मंडळीत काय दुखते आहे, हे लिहून काढायचे. कोठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर इंग्लंडच्या ईशान्य भागात स्थानिक चर्चेसना सोबत घेऊन झालेल्या प्रकल्पाचे तीन विभाग उपयोगी पडतात: कारभार आणि पैसा, नेतृत्व आणि सेवा, शिक्षण आणि घडण. कारभाराचे प्रश्न धर्मशास्त्राबाहेरचे वाटतात. प्रत्यक्षात माणसे दुखावतात आणि दूर जातात ती बहुधा इथेच.

दुखणे नेमके लिहावे. ‘तरुण येत नाहीत’ हे दुखणे झाले नाही, ती तक्रार झाली. ‘दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी) झाल्यानंतर दोन वर्षांत बहुतेक मुले धर्मशिक्षणाशी संबंध तोडतात आणि त्यांना कोणी विचारायला जात नाही’ हे दुखणे झाले. धर्मग्रामाच्या पानावर असे वाक्य येऊ शकते: ‘रविवारच्या मिस्सेला (कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला) जागा पुरत नाही, पण आठवडाभर घरात बायबल उघडले जात नाही.’ किंवा: ‘धर्मग्राम परिषद आहे, पण तिचे मत सल्ल्यापुरते राहते आणि लोक आता बोलेनासे झाले आहेत.’ मंडळीच्या पानावर असे येऊ शकते: ‘पाळकीय समितीची निवडणूक झाली की हरलेली बाजू उपासनेला येणे सोडते आणि हा दुरावा पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो.’ किंवा: ‘आमच्याकडे प्रवचन आहे, गायन आहे, पण शांत बसून प्रार्थना करायला आम्ही कोणाला शिकवलेले नाही.’

हे लिहिताना माणसांना लाज वाटते, आणि ती वाटू द्यावी. शुभवर्तमानातील उठलेला प्रभू शिष्यांना ओळख पटवून देतो ती आपले जखमी हात दाखवून. ते हात झाकून ठेवून हे काम पुढे जात नाही. मात्र पानावर व्यक्तींची नावे येऊ नयेत. एखाद्या धर्मगुरूविषयीची किंवा कोषाध्यक्षाविषयीची तक्रार ही वेगळी बाब आहे आणि तिची जागाही वेगळी आहे.

शेवटी यादीतील तीनच दुखणी ठेवावीत.

तपासणी: प्रत्येक वाक्याचा कर्ता पाहावा. ‘पंथवाले आमची मुले ओढून नेतात’ या वाक्याचा कर्ता दुसरा आहे, म्हणून ते खोडावे. ‘आमच्या मुलांना आमच्याकडे काय मिळत नव्हते, हे आम्ही कधी विचारले नाही’ असे लिहिता आले तर ते ठेवावे.

टप्पा ४. विचारणा करावी आणि पाहायला जावे

आता दोन्ही गट एकत्र येतात आणि आपापली तीन दुखणी एकमेकांना वाचून दाखवतात. ऐकणाऱ्यांनी त्या दिवशी उत्तर द्यायचे नाही. ‘अहो, आमच्याकडे यावर फार छान व्यवस्था आहे’ हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळावे. वाचून झाल्यावर प्रत्येक बाजूने एकच विचारणा करायची: ‘याबाबतीत तुमच्याकडे कसे चालते, ते आम्हाला पाहू द्याल का?’

पुढचे तीन महिने पाहण्याचे आहेत. तिघातिघांनी जावे, एकटा माणूस चुकीचे पाहतो आणि दहा जण गेले की यजमान कार्यक्रम करून दाखवतात. केवळ रविवारच्या उपासनेला जाऊन परत येऊ नये. ज्यांचे दुखणे कारभाराचे आहे त्यांनी अंदाजपत्रकाच्या बैठकीला, यजमानांच्या परवानगीने, मागच्या बाकावर बसावे. ज्यांचे दुखणे घरातील बायबलवाचनाचे आहे त्यांनी मंडळीतल्या घरगुती प्रार्थनासभेला जावे, आणि मंडळीच्या लोकांनी धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहाची आळीतली बैठक किंवा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील मौनसाधना पाहावी. छायाचित्रे काढू नयेत. परतल्यावर त्याच दिवशी वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: काय पाहिले, आणि पाहताना मनात काय झाले. मत तिसऱ्या महिन्याच्या शेवटी लिहावे.

सावधान, प्रभुभोजनाविषयी: पाहुणे म्हणून मिस्सेला किंवा प्रभुभोजनाच्या उपासनेला जाण्यापूर्वी हा विषय बोलून घ्यावा. कॅथलिक नियमांनुसार इतर ख्रिस्ती व्यक्तींना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतील प्रभुभोजन, काही ठरावीक, अपवादात्मक परिस्थितीतच देता येते आणि कॅथलिक व्यक्तीने प्रॉटेस्टंट प्रभुभोजनात भाग घ्यायचा नसतो. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे आमंत्रण याहून मोकळे असते. ऐनवेळी रांगेत कोणाला परत पाठवले गेले तर वर्षभराचे काम एका मिनिटात बुडते. नियम मोडून मोकळे होण्याचा आणि नियमाचे दुःख नाकारण्याचा, असे दोन्ही मोह टाळावेत. जागेवर बसून राहताना जे टोचते, ते वहीत लिहावे. फूट म्हणजे काय, हे त्या बाकावर जितके कळते तितके कोणत्याही व्याख्यानात कळत नाही.

टप्पा ५. देणगीला मुळासकट नाव द्यावे

पाहून आल्यावर ‘ही पद्धत आपण घेऊ’ असा उत्साह येतो. तिथे थांबावे, कारण वरचे फूल तोडून आणले तर ते आठवड्यात सुकते. समजा धर्मग्रामाच्या गटाला मंडळीची निवडून आलेली समिती आवडली. तिच्या मुळाशी सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाची (प्रत्येक विश्वासणारा देवापुढे याजकच आहे, ही) शिकवण आहे आणि पैशापासून पाळकाच्या सोयीपर्यंतची जबाबदारी आपली आहे असे मानणाऱ्या पिढ्या आहेत. ते मूळ न घेता केवळ मतपेट्या आणल्या तर भांडणे तेवढी येतील. उलट, मंडळीच्या गटाला कॅथलिकांची मौनसाधना भावली तर तिच्यामागे उपासनावर्षाची शिस्त आणि या एकाच कामासाठी आयुष्य दिलेले धर्मबंधू-भगिनी आहेत, हे लक्षात घ्यावे.

म्हणून यजमानांना दोन प्रश्न विचारावेत. हे तुम्ही का करता, म्हणजे कोणत्या श्रद्धेपोटी? आणि यासाठी तुम्ही काय किंमत मोजता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा फार उपयोगी असते. निवडणुकीची किंमत गटबाजी असू शकते, एकहाती निर्णयाची किंमत लोकांचे गप्प होणे असू शकते. देणगी आणि तिचा धोका एकाच पानावर, समोरासमोर लिहावा.

टप्पा ६. आपल्या श्रद्धेच्या कसाला लावावे

येथे गट पुन्हा वेगवेगळे बसतात. दुसऱ्यांची गोष्ट आपल्या घरात आणायची तर ती आपल्या श्रद्धेशी जुळली पाहिजे. केवळ ऐक्याच्या भावनेत ती गळ्यात मारली तर पहिला धर्मगुरू बदलताच ती निघून जाते. हिचे बीज आपल्याच परंपरेत कोठे आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळदा ते असते आणि झोपलेले असते. कॅथलिक कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. तेव्हा लोकांना जमाखर्चात सहभागी करणे ही प्रॉटेस्टंट उसनवारी ठरत नाही, ते आपलेच न पाळलेले कर्तव्य असते. सी.एन.आय.मध्ये अँग्लिकन वारसा आहे, त्यामुळे उपवासकाळ आणि नाताळपूर्वीच्या आगमनकाळाची शिस्त तिला परकी नाही, ती काही मंडळ्यांत विसरली गेली आहे एवढेच.

जिथे खरोखर मतभेद आहे तिथे दुसरा पक्ष कशाचे रक्षण करू पाहतो, हे शोधावे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा मूळ सत्यांवर एकमत मांडून उरलेल्या फरकांची प्रत्येकाने आपल्या भाषेत नोंद केली आणि ते फरक आता एकमेकांना दोषी ठरवण्याइतके नाहीत, असे म्हटले. पुढे २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसनीही त्याला संमती दिली. सी.एन.आय.मध्ये बालकाचा बाप्तिस्मा आणि नंतर दृढीकरण, किंवा बालकाचे समर्पण आणि मोठेपणी विश्वास कबूल करून बाप्तिस्मा, अशा दोन्ही वाटांना स्थान आहे. यातून आपल्या गटाने घ्यायचे ते एवढेच: फरक पुसण्याची घाई करू नये, तो कोठवर जातो ते मोजावे.

तपासून झाल्यावर प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका खान्यात घालावी: आपल्या अधिकारात आजच सुरू करता येईल अशी, बिशप किंवा डायोसिसच्या (बिशपांच्या अखत्यारीतील प्रांताच्या) संमतीने होईल अशी, आणि आज शक्य नसलेली. तिसऱ्या खान्यातील गोष्ट फेकून देऊ नये. ती कारणासह लिहून वरिष्ठांकडे पाठवावी. अँग्लिकन आणि कॅथलिकांच्या संयुक्त आयोगाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन्ही बाजूंनी शेजारशेजारच्या रकान्यांत आपापल्या कारभारातील उणिवा मांडल्या आहेत. जागतिक पातळीवर ते होते, तर आपल्या डायोसिसपर्यंत आपले पान जायला हरकत नसावी.

सावधान: पेंटेकॉस्टल किंवा बाप्टिस्ट मंडळी गटात असेल तर पुन्हा बाप्तिस्मा देण्याचा प्रश्न येईलच. दुसऱ्या ख्रिस्तसभेच्या सभासदाला या कामाच्या निमित्ताने आपल्याकडे ओढणार नाही, असे दोन्ही बाजूंनी प्रारंभीच लिहून द्यावे. हे लिहून देणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्याबरोबर एकत्र प्रार्थना आणि गरजूंची सेवा करता येते. ही पद्धत मात्र चालत नाही.

टप्पा ७. एकच प्रयोग, सहा महिने

पहिल्या खान्यातील एकच गोष्ट निवडावी. उदाहरणार्थ, धर्मग्रामाने दर तीन महिन्यांनी जमाखर्च मिस्सेनंतर वाचून दाखवावा आणि प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवावा. मंडळीने उपवासकाळातील सहा शुक्रवारी एक तास मौन प्रार्थना ठेवावी आणि ती शिकवायला धर्मग्रामातील एखाद्या सिस्टरना बोलवावे. प्रयोग कोणाकडून घेतला हे जाहीरपणे सांगावे. पुष्कळ ठिकाणी विरोध नको म्हणून हे लपवले जाते. त्यामुळे शिकणे होते, पण ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याविषयी लोकांच्या मनात काहीच बदलत नाही.

सहा महिन्यांनी टप्पा ३ मधले मूळ वाक्य काढून वाचावे. दुखणे कमी झाले का, तसेच आहे का, की वाढले? प्रयोग फसला असेल तर तेही दुसऱ्या बाजूला जाऊन सांगावे. माझ्या अनुभवात फसलेल्या प्रयोगाच्या बैठकीतच माणसे पहिल्यांदा मोकळी होतात.

यानंतरच संयुक्त कामांचा विचार करावा. १९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे जमलेल्या चर्चेसपुढे असा विचार मांडला गेला होता, की श्रद्धेतील खोल मतभेद भाग पाडतात तेवढ्याच बाबी वेगळ्या कराव्यात आणि बाकी सर्व एकत्र करावे. हे तत्त्व घेऊन दोन्ही कार्यालयांच्या वार्षिक दिनदर्शिका शेजारी ठेवाव्यात. रुग्णभेटी, विवाहपूर्व मार्गदर्शन, व्यसनमुक्ती, दफनभूमीची देखभाल, मुलांची सुट्टीतली शिबिरे: प्रत्येक नोंदीपुढे ‘वेगळे का?’ एवढेच लिहून उत्तर शोधावे. मिश्र विवाहाचे मार्गदर्शन तरी दोघांनी मिळून करावे, कारण ते जोडपे दोघांचेही आहे.

टप्पा ८. वही पुढच्या हाती

फादरांची बदली होते, पाळकसाहेबांचीही होते, आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच संपते. म्हणून वहीची एक छायाप्रत दोन्ही कार्यालयांत ठेवावी आणि मूळ वही दोन प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा पाळक नसलेल्या, सभासदांकडे, एकेक वर्ष आलटून पालटून असावी. नवे धर्मगुरू किंवा पाळक रुजू झाले की पहिल्या महिन्यात दोन्ही गटांतील एकेकाने मिळून त्यांना भेटावे, वहीतली तीन पाने दाखवावीत, म्हणजे शब्दांचे पान, त्यांच्याच घराच्या दुखण्यांचे पान आणि चालू प्रयोगाचे पान, आणि पुढच्या बैठकीची तारीख त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्यावी.